चिपसेटला पंखा नको, वारा द्या

७ जुलै २०१९ रोजी एएमडीचे रायझन ३००० मालिकेतले प्रोसेसर बाजारात आले आणि त्यांच्याबरोबर एक्स५७० चिपसेटचे मदरबोर्डही आले. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक बोर्डावर अशी एक वस्तू होती, जी घरगुती संगणकांतून दहाएक वर्षांपूर्वी हद्दपार झाली होती: चिपसेटवर बसवलेला, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा पंखा. नवा वेग हवा असेल तर ही घरघर सोसावीच लागेल, अशी तेव्हा अनेकांची समजूत झाली. आजही जुना बोर्ड दुरुस्त करताना किंवा नवा निवडताना ‘पंखा आहे म्हणजे चिप जास्त थंड राहणार’ असा हिशेब सर्रास केला जातो. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. चिपसेट थंड ठेवण्यासाठी फिरणारा भाग हा अगदी शेवटचा उपाय असला पाहिजे. पुरेशा पृष्ठफळाचा धातू, चिप आणि धातू यांच्यातला चांगला सांधा आणि कॅबिनेटमधून वाहणारा वारा एवढे जमले, तर आजच्या कुठल्याही घरगुती चिपसेटला स्वतःचा पंखा लागत नाही. आणि जिथे तो लागतो, तिथे बहुधा या तिघांपैकी एका ठिकाणी काटकसर झालेली असते.

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची वाहतूक सांभाळणारी चिप. हार्ड डिस्क, एसएसडी, यूएसबी, नेटवर्क, आवाज या सगळ्यांची माहिती तिच्यातून प्रोसेसरकडे जाते आणि परत येते. पूर्वी हे काम दोन चिपांत वाटलेले असे. प्रोसेसरजवळची नॉर्थब्रिज रॅम आणि ग्राफिक्स कार्ड सांभाळायची, खालची साउथब्रिज बाकीची उपकरणे. गरम व्हायची ती नॉर्थब्रिज. इंटेलच्या २००७ सालच्या एक्स३८ चिपसेटच्या नॉर्थब्रिजची औष्णिक क्षमता, म्हणजे पूर्ण कामावर काढून टाकावी लागणारी उष्णता, २६.५ वॉट होती, २००८ च्या एक्स५८ ची २४.१ वॉट. त्या काळात मोठमोठे तांब्याचे हीटसिंक, हीटपाइप आणि पंखे बोर्डांवर दिसत, त्याला खरेच कारण होते. मग रॅमचे नियंत्रण प्रोसेसरच्या पोटात गेले. एएमडीने हे २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ पासून केले, इंटेलने २००८ मध्ये. २००९ मध्ये ग्राफिक्स कार्डाची जोडणीही इंटेलच्या प्रोसेसरमध्ये गेली आणि पी५५ हा एकाच चिपचा चिपसेट आला. त्याची औष्णिक क्षमता ४.७ वॉट होती. म्हणजे दोन वर्षांत काढून टाकायची उष्णता पाचपटींहून जास्त घटली. तेव्हापासून इंटेलचे घरगुती चिपसेट साधारण चार ते सात वॉटच्या घरातच राहिले आहेत. एक्स५७० मात्र सुमारे ११ वॉटवर गेला, आधीच्या पिढीच्या जवळपास दुप्पट, कारण पीसीआय एक्स्प्रेस ४.० ची जोडणी त्या चिपमधूनही दिलेली होती. तरीसुद्धा ११ वॉट म्हणजे २००७ च्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी, हे विसरता येत नाही.

आता छोट्या पंख्याकडे पाहू. सारख्याच घडणीचे पंखे घेतले तर एका फेऱ्यात सरकणारी हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १२० मिलिमीटरचा पंखा ४० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा तिप्पट रुंद असतो, पण त्याच वेगाला तो सत्तावीसपट हवा हलवतो. मोठ्या पंख्याने मिनिटाला ८०० फेऱ्यांत, जवळजवळ नि:शब्दपणे केलेले काम छोट्याला करायचे तर त्याला २१,६०० फेऱ्या माराव्या लागतील. तेवढे कोणी करत नाही. त्याला तीन-चार हजार फेऱ्यांवर पळवतात आणि मिळेल त्या हवेवर भागवतात. आवाजाचे गणित तर आणखी महाग पडते. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो आणि मानवी कानाला १० डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट वाटते. शिवाय छोट्या पंख्याचा आवाज बारीक, उंच पट्टीचा असतो. मोठ्या पंख्याचा घुमारा पार्श्वभूमीत विरून जातो, हा मात्र अभ्यासाला बसलेल्या माणसाच्या डोक्यात शिरतो. थोडक्यात, जागा कमी म्हणून लहान पंखा बसवला की तिन्ही बाजूंनी तोटा होतो: हवा थोडी, आवाज जास्त, झीज लवकर.

झिजेचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मदरबोर्डवर एरवी फिरणारा भाग एकही नसतो. कॅपॅसिटर, चिपा, तांब्याच्या रेषा, सगळे स्थिर असते, म्हणूनच चांगला बोर्ड आठ-दहा वर्षे आरामात चालतो. त्यावर पंखा बसवला की सगळ्यांत कमी आयुष्याचा भाग सगळ्यांत गरम जागी येतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याला सर्वसाधारणपणे ३०,००० तासांच्या आसपास आयुष्य धरतात. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात हे तास साडेतीन वर्षांच्या आतच संपतात, म्हणजे बहुतेक बोर्डांची तीन वर्षांची वॉरंटी सरल्यावर थोड्याच महिन्यांत. बेअरिंगमधले वंगण उष्णतेने लवकर सुकते, धुळीने घट्ट होते. एक्स५७० बोर्डांच्या बाबतीत हे जास्तच बोचते, कारण ते ज्या एएम४ सॉकेटवर उभे आहेत, ते २०१६ मध्ये आले आणि फार दीर्घायुषी ठरले. २०१९ चा बोर्ड घेतलेल्या माणसाने २०२२ मध्ये त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला आणि यंत्राला नवे आयुष्य दिले. एकाच मदरबोर्डवर एकामागून एक दोन प्रोसेसर वापरता येणे ही ग्राहकाची केवढी सोय. त्या सोयीत खुट्टी मारायला काही रुपयांचा पंखा पुरतो.

पंखा बंद पडला तर काय, याचे उत्तर पंखा चांगला चालत असताना मिळत नाही. पंखा धरून बनवलेला हीटसिंक मुळातच लहान असतो. त्यावर बहुधा प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे झाकणही असते. पंखा थांबला की ते झाकण येणारा वारा अडवते आणि खाली उरतो अपुरा धातू. म्हणजे पंखा बिघडलेला कूलर हा पंखा नसलेल्या कूलरपेक्षा वाईट असतो. चिप एका मर्यादेपलीकडे तापली की ती स्वतःला आवरते, आणि तरीही तापली तर चिपसेटमार्फत जोडलेली एसएसडी मधेच गायब होणे, यूएसबी तुटणे, यंत्र अचानक बंद होणे असे प्रकार होऊ शकतात. वापरणाऱ्याला संशय येतो तो एसएसडीवर किंवा विंडोजवर. दुरुस्तीवाला एक एक भाग बदलून पाहतो आणि ग्राहक प्रत्येक भागाचे पैसे मोजतो. हीटसिंक मात्र असा फसवत नाही. त्यावर धूळ बसली तर तो हळूहळू मागे पडतो. एका दिवशी अचानक संप करत नाही.

यावर तांत्रिक जाणकारांचा पहिला आक्षेप असा असतो की सहा वॉट ठीक आहेत, पण ११ वॉट नुसत्या धातूने कसे काढणार? याचे उत्तर बाजारानेच दिले आहे. एक्स५७० आला त्याच वेळी गिगाबाइटच्या एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीम या बोर्डावर चिपसेटला पंखा नव्हता. बोर्डाच्या मोठ्या भागावर पसरलेला धातू होता आणि तेवढ्याने भागत होते. तो बोर्ड फार महाग होता, हे खरे. पण २०२१ मध्ये एक्स५७०एस या नावाने बोर्ड आले, त्यांत चिप मूलतः तीच होती आणि पंखा नव्हता. चिप तीच, काम तेच, वॉटही जवळपास तेवढेच. बदलला होता तो फक्त हीटसिंकचा आकार आणि त्यामागचा विचार. २०२२ च्या एक्स६७० मध्ये तर एकाऐवजी दोन चिपा आल्या, प्रत्येकी सुमारे सात वॉटच्या. दोन्हींची बेरीज एक्स५७० पेक्षा जास्त होते, पण उष्णता दोन जागी वाटली गेल्यामुळे ते बोर्ड पंख्याशिवाय चालतात. त्याही आधी, एनव्हिडियाच्या एनफोर्स४ चिपसेटच्या काळात, असुसने ए८एन-एसएलआय प्रीमियम या बोर्डावर हीटपाइप वापरून पंखा काढून टाकला होता. हा धडा २००५ च्या सुमारास एकदा शिकून झाला होता. २०१९ मध्ये तो पुन्हा शिकावा लागला आणि त्याची किंमत ग्राहकाने दिली, याचे मला वाईट वाटते.

मात्र पंखा नाही म्हणजे कूलर चांगला, असेही नाही. इथे खरी निवड सुरू होते आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. आजच्या अनेक बोर्डांवर चिपसेटवर एक गुळगुळीत, चपटी, नक्षीदार पाटी असते. तिच्यावर कंपनीचे बोधचिन्ह, कडेला रंगीत दिवे. दिसायला छान, पण उष्णता हवेला देण्याचे काम पृष्ठफळ करते, चेहरा नव्हे. १० बाय ६ सेंटिमीटरची सपाट पाटी घेतली तर हवेला भिडणारा वरचा भाग ६० चौरस सेंटिमीटर. त्याच पाटीवर एक सेंटिमीटर उंचीच्या, सहा सेंटिमीटर लांबीच्या बारा पातळ उभ्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, काढल्या तर प्रत्येक पट्टीच्या दोन बाजू मिळून १४४ चौरस सेंटिमीटरची भर पडते आणि एकूण पृष्ठफळ तिपटीहून जास्त होते. स्थिर हवेत धातूच्या एका चौरस मीटरमधून दर अंशाला साधारण पाच ते दहा वॉटच उष्णता निघते. वरचा आकडा धरला तरी सहा वॉट काढायला ती सपाट पाटी भोवतालच्या हवेपेक्षा शंभर अंश तापावी लागेल. प्रत्यक्षात काही उष्णता बोर्डाच्या तांब्यातून पसरते आणि थोडा वारा असतोच, म्हणून एवढे होत नाही. पण फिन्स असल्या तर तेच काम तीसेक अंशांत होते, हा फरक लपत नाही. हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनाला फिन्स असतात, त्या शोभेसाठी नव्हेत.

धातू कोणता, यावर मात्र गरजेपेक्षा जास्त वाद होतो. तांबे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता जवळपास दुप्पट चांगली वाहून नेते, हे खरे. पण पाच-दहा वॉटसाठी धातूच्या आतला प्रवास ही अडचण नसते. अडचण असते ती धातूतून हवेत जाण्याची, आणि तिथे तांब्याला काही वेगळे साधत नाही. उलट तांबे जड असते आणि कॅबिनेटमध्ये उभ्या बोर्डावर ते वजन लोंबकळत राहते. ऑक्सिडीकरणाने काळा केलेला अ‍ॅल्युमिनियमचा, मोकळ्या फिन्सचा हीटसिंक पुरेसा आहे. काळ्या थराला इथे अर्थ आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे प्रारण फारच कमी करते, हा थर दिल्यावर ते कितीतरी पटींनी वाढते आणि वारा मंद असताना तो हिस्सा उपयोगी पडतो.

चिप आणि धातू यांच्यातल्या सांध्याकडे तर कोणी पाहतच नाही. बहुतेक बोर्डांवर तिथे थर्मल पॅड असते, मऊ रबरासारखी चौकोनी चकती. समजा पॅड एक मिलिमीटर जाड आहे, त्याची उष्णतावाहकता ३ (वॉट प्रति मीटर-केल्विन) आहे आणि चिपचा उघडा भाग एक चौरस सेंटिमीटरचा आहे. या सांध्यात दर वॉटला तीन अंशांहून थोडा जास्त फरक पडतो. सहा वॉटला वीस अंश, ११ वॉटला सदतीस अंशांच्या आसपास. म्हणजे हीटसिंकपर्यंत पोहोचण्याआधीच एवढी चढण. पॅड अर्ध्या जाडीचे केले तर हा आकडा निम्मा होतो, आणि पातळ पसरलेल्या चांगल्या पेस्टने तो एखाद्या अंशावर येतो. कुठलाही छोटा पंखा जे करणार नाही, ते जवळजवळ फुकटातले हे काम करते. यात एक सावधगिरी मात्र हवी. मूळ हीटसिंक पॅडच्या जाडीचा अंदाज धरून बसवलेला असेल तर पॅड काढून नुसती पेस्ट लावल्याने मधे फट राहते. हवेची वाहकता ०.०२६, म्हणजे पॅडच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशी दुरुस्ती चिपच्या जिवावर उठते. आधी फट मोजावी आणि मग ठरवावे. चिकटवणारा थर्मल ग्लू तर वापरूच नये. तो पुन्हा निघत नाही आणि जबरदस्तीने काढताना चिपच उपटून येऊ शकते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार केला की हा विषय आणखी निकडीचा होतो. परदेशी परीक्षणांत चिपसेटचे जे तापमान छापलेले असते, ते बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत मोजलेले असते. हीटसिंकचे गणित सरळ आहे: खोली जितकी तापेल, तितकीच चिप अंशाला अंश तापते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात ४५ च्या पुढचे दिवस नवे नाहीत. वातानुकूलन नसलेल्या खोलीत अशा दुपारी ३८-४० अंश असतात आणि कॅबिनेटच्या आत आणखी काही अंशांची भर पडते. परीक्षणात ६५ वाचलेला आकडा इथे ८०-८५ होतो. यावर ‘म्हणूनच विदर्भात पंखा हवा’ असे म्हणावेसे वाटेल. पण पंखा हवा थंड करत नाही, आहे तीच हवा हलवतो. आणि ज्या उन्हाळ्यात त्याची गरज लागते, त्याच उन्हाळ्यात धूळ आणि ऊन मिळून त्याचे वंगण संपवतात. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत खारी, दमट हवा असते. तिथे लहान पंख्याच्या उघड्या धातूला गंज आणि बेअरिंगला चिकटपणा लवकर येतो. आपल्या हवामानाचा खरा निष्कर्ष असा की हीटसिंक परीक्षणात ‘पुरेसा’ म्हटला त्याहून मोठा घ्यावा.

मग पंखा हवा कुठे? कॅबिनेटला. चिपसेट बोर्डाच्या खालच्या उजव्या भागात असतो आणि त्याच्या आजूबाजूला किंवा डोक्यावर ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० ची कमाल वीज ४५० वॉट आहे. मधल्या दर्जाची कार्डेही दीड-दोनशे वॉट सहज घेतात. चिपसेट स्वतः सहा वॉट निर्माण करतो आणि त्याच्या शेजारी दोनशे वॉटची भट्टी पेटलेली असते. अशा ठिकाणी चिपसेटवरचा छोटा पंखा ग्राफिक्स कार्डाने टाकलेली गरम हवाच पुन्हा चिपवर ढकलतो. उपाय आहे तो समोरून थंड हवा आत घेणारा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा, शक्यतो खालच्या जागी, आणि मागे गरम हवा बाहेर टाकणारा दुसरा. यातून फक्त चिपसेट नव्हे, तर रॅम, एसएसडी, व्होल्टेज सांभाळणारे भाग आणि ग्राफिक्स कार्ड सगळेच निवतात. हा पंखा प्रमाणित मापाचा असतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो आणि चार स्क्रूंत बदलता येतो. समोर काच लावून बंद केलेले कॅबिनेट घ्यायचे आणि मग चिपसेटला पंखा शोधायचा, यात पैसेही जातात आणि कामही होत नाही.

दुसरा आक्षेप जरा निराळा आहे. चिपसेटची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते, मग ८० अंशांवर घाबरायचे कशाला? मुळीच घाबरू नये. ८० अंशांवर चिप आज मरणार नाही. पण मर्यादा हा ‘याच्या वर चालवू नका’ असा इशारा आहे, ‘इथवर रोज न्या’ असा सल्ला नाही. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. चिपसेट तापला की आसपासचे कॅपॅसिटरही तापतात. शिवाय उष्णता चढते-उतरते, धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि चिपखालच्या डाखाच्या बारीक थेंबांवर ताण येतो. हे किती महाग पडू शकते, ते २००८ मध्ये दिसले. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपा आणि चिपसेट यांच्या कमकुवत पॅकेजिंग साहित्यामुळे होणाऱ्या बिघाडांसाठी एनव्हिडियाने त्या जुलैत १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दोष साहित्याचा होता, पण तो उघडा पाडला तो तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी. म्हणून मोठा, स्थिर हीटसिंक बरा. त्याच्या धातूत उष्णता मुरते आणि तापमान सावकाश चढते-उतरते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पंखा बिघडला तर नवा बसवा, एवढे काय? बसवायला मिळाला तर ना. या पंख्यांचे माप, चौकट, भोकांची जागा आणि जोडणीची तार प्रत्येक बोर्डाला वेगळी. बहुतेकांना चौकटच नसते, पंखा हीटसिंकच्या खाचेत थेट बसवलेला असतो. बाजारात त्याचा जोड सुटा मिळणे अवघड, परदेशातून मागवला तर वाहतुकीचा खर्च पंख्यापेक्षा जास्त. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे होती. मदरबोर्डसारख्या सुट्या भागांनाही हाच न्याय लावला पाहिजे. बोर्डावर पंखा द्यायचाच असेल तर तो प्रमाणित मापाचा, स्क्रूने निघणारा असावा आणि वॉरंटीनंतरही निदान पाच वर्षे मिळावा, ही मागणी अवाजवी नाही. छोट्या पंख्यापायी अख्खा बोर्ड ई-कचऱ्यात जाणे मला अक्षम्य वाटते.

जुन्या बोर्डांबाबत माझी भूमिका थोडी मऊ आहे. एक्स३८ किंवा एक्स५८ सारखे वीस-पंचवीस वॉटचे यंत्र कोणी अजून जपून चालवत असेल आणि त्याच्या नॉर्थब्रिजवरचा पंखा गेला असेल, तर तिथे साधी पाटी चालणार नाही. त्या काळात अशा गरजेसाठी झालमनचा निळा, पंख्याविना चालणारा एनबी४७जे, हीटपाइपचा थर्मलराइट एचआर-०५, नॉक्टुआचा एनसी-यू६ असे कूलर मिळत. आता ते जुन्या मालातच सापडतात. असा कूलर घेताना बोर्डावरच्या दोन भोकांमधले तिरके अंतर आधी मोजावे, कारण ते सगळीकडे सारखे नसते. काही बोर्डांवर भोकांऐवजी डाख दिलेल्या तारेच्या कड्या असतात. ग्राफिक्स कार्डाखाली किती उंची उरते, ते पाहावे. फिन्सची दिशा वाऱ्याच्या दिशेशी जुळावी. अनेक चिपांचा सिलिकॉन उघडा असतो आणि त्याचा कोपरा तिरक्या दाबाने तुटतो, म्हणून दोन्ही पिना थोड्या थोड्या करून दाबाव्यात. आणि एवढे करूनही तापमान उतरले नाही, तर ६० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पंखा मंद गतीने लावायला माझी ना नाही. पाण्याच्या कूलरचे सोडून द्या. सहा वॉटसाठी पंप, नळ्या आणि गळतीची जोखीम घेण्यासारखे त्यात काही नाही.

कंपन्यांनी एक साधी गोष्ट करावी, असे मला फार वाटते. बोर्डाच्या माहितीपत्रकात रॅमचा वेग, दिव्यांचे रंग, जोडण्यांची संख्या सगळे असते. चिपसेट किती वॉटचा आणि त्यावरचा हीटसिंक दर वॉटला किती अंश चढू देतो, हे दोन आकडे मात्र सापडत नाहीत. ते छापले तर भोवतालचे तापमान मिळवून कोणीही दहावीच्या गणिताने चिपचे तापमान काढू शकेल. सहा वॉट, दर वॉटला पाच अंश, म्हणजे तीस. खोली चाळीस, कॅबिनेटची भर पाच, एकूण पंच्याहत्तर. इतके सोपे. छतपंख्यावर आणि फ्रिजवर तारे छापायला लावणाऱ्या देशात मदरबोर्डवर दोन आकडे मागणे जड जाऊ नये. शाळा, ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये संगणकांची घाऊक खरेदी करतात. त्यांनी निविदेत ‘चिपसेटवर पंखा नसावा, हीटसिंकला फिन्स असाव्यात, कॅबिनेटला समोरून १२० मिलिमीटरचा पंखा असावा’ एवढी एक ओळ घातली तरी विक्रेते तसे बोर्ड आणू लागतील.

ज्यांच्याकडे २०१९-२० मधला एक्स५७० बोर्ड आहे, त्यांनी यंदाचा उन्हाळा सुरू होण्याआधी यंत्र बंद करून, वीज काढून कॅबिनेट उघडावे. चिपसेटवरची धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो उलटा पळून बेअरिंग खराब होते. मग यंत्र चालू करून बायोसमध्ये पंख्याच्या फेऱ्यांचा आकडा पाहावा. अनेक बोर्डांवर चिप थंड असताना पंखा मुद्दाम थांबलेला असतो, तेव्हा शून्य दिसले म्हणून लगेच बिघाड समजू नये. यंत्राला तासभर काम देऊन पुन्हा पाहावे. चिप तापूनही आकडा शून्यच राहिला, किंवा पंखा खरखरू लागला असेल, तर त्याच्या दुरुस्तीआधी कॅबिनेटच्या समोरचा पंखा लावून घ्या. तो बोर्ड बदलल्यावरही तुमच्या कामाला येईल.